जाहिरात थांबली की ऑर्डरही थांबतात

प्रश्न : ऑनलाइन विक्री जाहिरातींवरच चालते. व्यावसायिक ओळखी वाढवून खरंच फरक पडतो का?

उत्तर : पडतो, आणि खूप पडतो. जाहिरातीने लोक येतात पण टिकत नाहीत, आणि प्लॅटफॉर्मचे नियम काही आपल्या हातात नसतात, २०१८ मध्ये फेसबुकने फीडमध्ये घरच्यांच्या नि मित्रांच्या पोस्टना प्राधान्य दिलं आणि कितीतरी बिझनेस पेजेसचा रीच, म्हणजे पोस्ट किती लोकांपर्यंत पोचते ते प्रमाण, घसरला. म्हणून ग्राहकांची ईमेल लिस्ट त्यांना विचारूनच स्वतःकडे ठेवा, मेसेजला उत्तर स्वतः द्या. तुमच्याच ग्राहकांना दुसरं काही विकणारे असतात ना, त्यांच्याशी बोला, आधी त्यांचं काम दोन लोकांना सुचवा, मग पार्टनरशिपचं बघू. पहिल्याच मेसेजमध्ये लिंक चिकटवू नका प्लीज, तिथेच बोलणं संपतं.