पांढरी वाइन घरी करताना

प्रश्न : मी अमेरिकेत न्यू जर्सीत राहते. यंदा शार्डोने द्राक्षांची पहिल्यांदाच वाइन करायची आहे. सालींसह रस आंबवावा का, आणि तो तपकिरी पडू नये म्हणून काय करावे?

उत्तर : साली रसात ठेवू नयेत. लाल वाइनला रंग आणि तुरटपणा सालींतूनच मिळतो. पांढऱ्या वाइनसाठी मात्र द्राक्षे चुरडून लगेच दाबावीत, रस गाळून घ्यावा आणि १० लिटर रसाला सुमारे १ ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घालून तो रात्रभर थंड जागी निवळू द्यावा. रस तपकिरी होतो तो हवेतील ऑक्सिजनमुळे, आणि हे द्रव्य ती क्रिया रोखते.

दुसऱ्या दिवशी वरचा नितळ रस अलगद काढून हायड्रोमीटरने (रसाची घनता, आणि त्यावरून त्यातली साखर, दाखवणाऱ्या तरंगत्या नळीने) तपासावा, १.०८५ ते १.०९० हे माप आले तर सुमारे १२ टक्के मद्यार्क होतो. पावाचे यीस्ट वापरू नये, वाइनचेच घ्यावे. यानंतर सर्वांत महत्त्वाचे आहे ते तापमान, कारण १५ ते १८ अंश सेल्सिअसच्या आसपास सावकाश आंबलेल्या रसातच फळाचा सुगंध टिकतो, आणि घाईने उबदार खोलीत ठेवलेल्या बरणीतून तो बुडबुड्यांबरोबर निघून जातो, हे मला पुन्हा पुन्हा सांगावेसे वाटते.

बरणीला एअरलॉक, म्हणजे आतला वायू बाहेर सोडणारे पण हवा आत न येऊ देणारे झाकण, लावावा. माप ०.९९५ च्या आसपास स्थिरावले की गाळावरून वाइन काढून दुसरी बरणी गळ्यापर्यंत भरावी. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार एका प्रौढ व्यक्तीच्या घराला वर्षाला १०० गॅलनपर्यंत वाइन करता येते. विकता मात्र येत नाही.