पहिल्यांदा उमराहला, म्हणजे मक्केच्या छोट्या यात्रेला, जाणाऱ्या तरुणांना तिथे नेमके काय जाणवते?
मक्केतील पवित्र वास्तू काबा नजरेस पडताच डोळे भरून येतील, असे घरची मोठी माणसे सांगतात. पण अनेक तरुणांना त्या क्षणी काहीच सुचत नाही आणि तो श्रद्धेचा उणेपणा मुळीच नव्हे. तवाफचे, म्हणजे काबाभोवतीचे, 7 फेरे घालताना माझे अर्धे लक्ष डाव्या खांद्यावरून घसरणारे, न शिवलेले एहरामचे (यात्रेच्या पोशाखाचे) कापड सावरण्यातच होते. मन भरून आले ते नंतर, सफा आणि मरवा या टेकड्यांमधल्या 7 खेपांत, म्हणजे सुमारे 3 किलोमीटरच्या चालीत: हिरव्या दिव्यांच्या टप्प्यात पुरुष धावू लागतात, तिथे तान्ह्या इस्माईलसाठी पाणी शोधत धावणारी त्याची आई हाजरा डोळ्यांपुढे उभी राहिली. कमरपट्टा मात्र घट्ट बांधावा आणि आईवडील सोबत असल्यास त्यांच्याच चालीने चालावे.