‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ आणि ३.३ फॅटचं दूध

“मॅडम, जावातलं काहीही विचारा, सांगतो. पण ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ म्हटलं की डोकं कोरं होतं. पाच इंटरव्ह्यू झाले, पाचही तिथंच गेले. माझ्यात काही प्रॉब्लेम आहे का?”

गेल्या पावसाळ्यात आलेला हा मेसेज. मुलाखतीची तयारी करून घ्यायला पोरं माझ्याकडे येतात, आणि जून उलटला की असे मेसेज वाढतात. इंजिनिअरिंगचा निकाल लागलेला असतो, कॉलेजच्या कॅम्पसमध्ये नंबर लागलेला नसतो आणि पोरं पुण्यात कॉट बेसिसवर खोली घेऊन कुठल्या तरी क्लासला फुल स्टॅक (वेबसाइटचं पुढचं-मागचं सगळं प्रोग्रामिंग) शिकत असतात. हा मुलगा नगर जिल्ह्यातला, संगमनेरच्या बाजूचा. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत, आणि लिहिण्याआधी त्याला विचारलंय.)

तो आला तेव्हा खुर्चीच्या कडेवर बसला. मांडीवर प्लास्टिकचं फोल्डर, त्यात दहावीपासूनची सगळी सर्टिफिकेटं. मी म्हटलं, समज मी एचआर आहे, सुरू कर. त्यानं मान ताठ केली आणि सुटला. “गुड मॉर्निंग मॅम, मायसेल्फ अमुक अमुक, आय ॲम फ्रॉम संगमनेर, माय फादर इज फार्मर, माय मदर इज हाउसवाइफ, माय हॉबीज आर लिसनिंग म्युझिक अँड प्लेइंग क्रिकेट, आय ॲम हार्डवर्किंग, क्विक लर्नर...”

मी मुद्दाम मध्येच तोडलं. “वडील काय पिकवतात?”

“कांदा... आणि थोडा ऊस,” तो मराठीत म्हणाला आणि थांबला. दहा सेकंद गेली, पंधरा गेली. मग काय केलं असेल? पुन्हा “गुड मॉर्निंग मॅम”पासून सुरुवात केली. शाळेत कविता म्हणताना मधली ओळ विसरली की पहिल्या कडव्यावर जायचो, तसं.

त्याचा प्रॉब्लेम मला तिथंच दिसला. डोकं कोरं होत नव्हतं, पाठांतर तुटत होतं. क्लासनं त्याला दीड मिनिटाचा मजकूर छापून दिला होता आणि त्याच बॅचच्या साठ जणांनाही तोच दिला होता. पाठ केलेल्या मजकुरात एक शब्द हरवला की पुढचा सापडत नाही. वर समोरचा माणूस आपल्याकडे बघतोय, म्हणजे घसा कोरडा, हात गार. मग पोरांना वाटतं आपल्याला इंग्रजी येत नाही, आपण गावाकडचे, आपल्यातच काही कमी आहे. कमी काही नसतं. कांदा आणि ऊस हे उत्तर त्यानं किती सहज दिलं होतं!

मी त्याला आधी विचारलं, “हा प्रश्न ते का विचारतात असं तुला वाटतं?” तो म्हणाला, “कॉन्फिडन्स बघायला.” थोडं खरं आहे ते. पण बऱ्याचदा मुलाखत घेणाऱ्यानं तुमचा रेझ्युमे तुम्ही दारातून आत येतानाच उघडलेला असतो. सकाळपासूनचा तुम्ही नववा उमेदवार. पुढची वीस मिनिटं कशावर बोलायचं, याचं एखादं टोक त्याला हवं असतं. तुम्ही त्याच्या हातात क्रिकेट दिलंत तर तो काय करणार? जांभई दाबून सेकंड हायेस्ट सॅलरीची क्वेरी, म्हणजे डेटाबेसचा तो नेहमीचा ठरलेला प्रश्न, विचारतो आणि मोकळा होतो.

“मग काय टोक देऊ मॅडम? प्रोजेक्ट सांगतो ना मी.”

प्रोजेक्ट होता चेहरा ओळखून हजेरी लावणारी सिस्टीम. मी काही टेक्निकल बाई नाही, पण इतकी वर्षं हेच ऐकून चार गोष्टी कळायला लागल्यात. विचारलं, वर्गात उजेड कमी असला तर काय होतं? जुळे भाऊ असतील तर? त्यानं फोल्डरकडे बघितलं. “चौघांनी मिळून आणला होता प्रोजेक्ट.”

‘केला’ नाही, ‘आणला’. क्रियापदानंच सगळं सांगितलं. मला धक्का वगैरे बसला नाही. तयार प्रोजेक्ट कुठं मिळतात हे पुण्यातल्या रिक्षावाल्यालाही माहीत असेल. पण मुलाखतीत हा सुरुंग आहे. दुसऱ्या प्रश्नाला तो फुटतो आणि मग खरं आलेलं उत्तरही खोटं वाटायला लागतं. त्याला दोन रस्ते सांगितले. एक तर चार दिवस बसून तो कोड ओळ न् ओळ वाच, स्वतःच्या हातानं त्यात काहीतरी बदल कर, आणि मुलाखतीत सांग की मूळ कोड तयार मिळाला होता, त्यात मी हे केलं. नाहीतर रेझ्युमेच्या खालच्या कोपऱ्यात सरकव.

“खाली सरकवला तर वर काय लिहू? दुसरं काही केलंच नाही.”

आता इंग्रजी बंद, मी म्हटलं. कॉम्प्युटरवर तू स्वतः केलेलं, कुणी मार्क दिले नसलेलं, असं एक काम मराठीत सांग. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, “काकांच्या डेअरीचं बिलाचं केलं होतं. पण ते काय प्रोजेक्ट नाही मॅडम, घरचं काम आहे.”

काकांचं गावात दूध संकलन केंद्र. शे-सव्वाशे माणसं सकाळ-संध्याकाळ दूध घालतात. मशीनवर फॅट आणि एसएनएफ (फॅट आणि पाणी सोडून दुधातले बाकीचे घटक) बघायचं, त्यावर दरपत्रकातून भाव काढायचा, दर दहा दिवसांनी प्रत्येकाचं बिल करायचं. आपल्याकडे गाईच्या दुधाचा भाव ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून सांगतात. पॉइंट खाली-वर झाला की भाव हलतो. काका हे सगळं रात्री कॅल्क्युलेटरवर करायचे आणि बिलाच्या दिवशी कोणी ना कोणी भांडायला यायचंच. यानं लॉकडाउनमध्ये घरी बसून पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत छोटा प्रोग्राम लिहिला.

“आणि चालला?”

“पहिल्या दिवशी नाही चालला.” इथं पहिल्यांदा तो खुर्चीत मागे टेकला. “३.० फॅटला भाव येत होता, ३.१ ला येत होता, ३.२ ला येत होता. ३.३ पासून पुढं काहीच नाही. काका म्हणाले, तुझ्या कॉम्प्युटरला पातळ दूधच आवडतं वाटतं.”

कारण असं निघालं की दरपत्रक त्यानं ३.० पासून ०.१ मिळवत मिळवत बनवलं होतं. कॉम्प्युटर दशांश अपूर्णांक आतमध्ये दोनच्या पद्धतीत साठवतो, आणि ०.१ तिथं नेमका बसत नाही. ३.२ मध्ये ०.१ मिळवले की पायथन ३.३ देत नाही, ३.३००००००००००००००३ देतो. मशीनवरून टाकलेला ३.३ आणि तक्त्यातला हा लांबलचक आकडा एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून भाव सापडत नाही. हे त्याला दोन रात्री कळलं नव्हतं. तिसऱ्या रात्री त्यानं तक्त्यातला प्रत्येक आकडा स्क्रीनवर छापून बघितला तेव्हा दिसलं. मग त्यानं फॅटला दहानं गुणून पूर्णांक केला. ३.३ चे ३३, ३.५ चे ३५. प्रश्न मिटला.

हे सगळं तो सहा मिनिटं बोलला. एकदाही अडकला नाही. मी मोबाइलवर रेकॉर्ड करत होते (त्याला सांगून), ते त्याला ऐकवलं. ऐकताना तो लाजला, पण कानाला लावूनच ऐकलं.

मला त्या रेकॉर्डिंगमध्ये अर्धा डझन प्रश्नांची उत्तरं दिसत होती. ‘एखादी अडचण आली तेव्हा काय केलंत’ याचं उत्तर ३.३ फॅट. ‘टीममध्ये काम केलंय का’ याचं उत्तर काका, कारण काकांना काय हवंय हे समजून घेणं, त्यांना कीबोर्डवर कमीत कमी बोटं लावायला लागतील असं करणं, हे टीमचंच काम आहे. ‘आम्ही तुम्हाला का घ्यावं’ याला पोरं ‘हार्डवर्किंग’ म्हणतात. यानं फक्त एवढं सांगायचं होतं की, मी लिहिलेला प्रोग्राम रोज शंभरावर माणसांच्या पैशाचा हिशेब करतो.

पुढच्या चार भेटी भाषेवर गेल्या. त्याला इंग्रजी पाठ करू दिलं नाही. मराठीतली गोष्ट, मग त्यातले चार खिळे: डेअरी, ३.३, छापून बघितलं, गुणिले दहा. खिळे लक्षात, मधलं वाक्य दर वेळी वेगळं. ‘माय अंकल रन्स अ मिल्क कलेक्शन सेंटर’ एवढ्या साध्या इंग्रजीत सुरुवात. व्याकरण चुकलं तर चुकू दे. मी दर वेळी मध्येच तोडायचे, कधी फोन वाजल्याचं नाटक करायचे, आणि तो पुढच्या खिळ्यावरून परत पकडायला शिकला. वडील आणि गाव एका वाक्यात ठेवले. ते काढून टाक असं मी सांगत नाही, काही सल्लागार सांगतात. शेतकऱ्याच्या पोरानं शेतकरी म्हणायला लाजावं कशाला? पण डेअरीच्या गोष्टीला जोडून आलं की त्याला वजन येतं.

वायडीचा, म्हणजे इयर डाउनचा विषय त्यानं तिसऱ्या भेटीत काढला. सेकंड इयरला एम थ्री हा गणिताचा पेपर राहिला, वर्ष गेलं. मुलाखतीत गॅप विचारली की तो ‘फॅमिली प्रॉब्लेम’ म्हणायचा. एका ठिकाणी त्यांनी विचारलं, कुठला प्रॉब्लेम? तेव्हा त्यानं आजीला आजारी पाडलं. “आजी ठणठणीत आहे मॅडम, फार वाईट वाटलं मला.” आम्ही ते तीन वाक्यांवर आणलं: गणितात नापास झालो आणि वर्ष गेलं. त्या वर्षात राहिलेला विषय सोडवला आणि पायथन शिकलो. त्यानंतर एकही विषय राहिला नाही. तिन्ही खरी. आणि तिसऱ्या वाक्यानंतर गप्प बसायचं, हे सगळ्यात अवघड. पोरं चौथं, पाचवं वाक्य बोलत जातात आणि माफी मागितल्यासारखं व्हायला लागतं. काही कंपन्यांची ‘सगळीकडे साठ टक्के, गॅप नको’ अशी अट असते. तिथं दार उघडणारच नाही, त्याचा राग स्वतःवर काढू नये.

वीकनेसबद्दल क्लासनं शिकवलेलं ‘आय ॲम अ परफेक्शनिस्ट’. हे उत्तर इतकं वापरून झिजलंय की मुलाखत घेणारे ते शब्द सुरू होताच मान खाली घालतात. पाच वर्षांनी कुठं असाल, याला ‘मॅनेजर’ म्हणायची गरज नाही. पहिली दोन वर्षं नीट कोड लिहायला शिकायचंय, एवढं खरं आहे आणि पुरेसं आहे. नाइट शिफ्ट, बदली, बॉन्ड यांची उत्तरं मात्र घरी विचारून जा, तिथं बसून ठरवू नका.

एक गोष्ट मी जरा चढ्या आवाजात बोलले. कुणीतरी त्याला म्हटलं होतं, दोन वर्षांचा अनुभव कागदावर लावून देतो, एवढे पैसे पडतील. वडील कांद्याचे पैसे आले की द्यायला तयार होते. मी फोनवर वडिलांशी बोलले. “दादा, नोकरी लागल्यावर कंपनी पडताळणी करते, पीएफचा यूएएन म्हणून प्रत्येकाचा एक कायमचा नंबर असतो, त्यावर आधी कुठं काम केलं ते दिसतं. दिसलं नाही की पोरगं बाहेर, आणि पैसे गेलेलेच.” ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “बरं झालं सांगितलं ताई. आम्हाला काय कळतंय त्यातलं.”

सहाव्या मुलाखतीतही त्याचं झालं नाही. डेटाबेसमधल्या प्रायमरी की आणि युनिक की यातला फरक विचारला, तो चुकला. माझ्याकडे येऊन चिडून म्हणाला, आता टेक्निकललाच अडलो! मला, खरं सांगायचं तर, बरं वाटलं. पहिल्या प्रश्नावर अडलेला माणूस आता विसाव्या मिनिटाला अडत होता. प्रायमरी की टेबलात एकच आणि रिकामी राहत नाही, युनिक अनेक असू शकतात, हे एका संध्याकाळचं काम. ‘मला हे नक्की आठवत नाही, पण मी असं तपासून बघेन’ हे वाक्यही आम्ही त्या दिवशी तोंडात बसवलं, कारण त्यानं ठोकून दिलं होतं.

सातवी एका छोट्या कंपनीत होती, बाणेरला. समोरच्यानं डेअरीचं टोक धरलं ते सोडलंच नाही. शेवटी विचारलं, पायथनमध्ये दशांश आकडे नेमके साठवणारा डेसिमल नावाचा प्रकार आहे, तो का नाही वापरला? हा म्हणाला, तेव्हा मला तो माहीतच नव्हता, नंतर कळला. समोरचा हसला. गॅपबद्दल कुणी विचारलंच नाही. सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळाली, स्टायपेंड खोलीचं भाडं आणि मेस निघेल एवढा. पुढं कायम करतील का, ते अजून ठरायचंय.

परवा त्याचा फोन आला. काकांनी नवीन मशीन घेतलंय, ते फॅट दोन दशांश स्थळांपर्यंत दाखवतं. ३.४५ टाकलं की प्रोग्राम पुन्हा गप्प, कारण गुणिले दहानं ३४.५ होतात. काकांनी शिव्या घातल्या म्हणे. आता रविवारी गावी जाऊन दहाचे शंभर करायचेत.

“मॅडम,” तो म्हणाला, “वीकनेस विचारली तर हे सांगू का?”