दाजींना गाडी लागली, पण चावी काही येईना

प्रश्न: ताई नमस्कार. माझे दाजी सेलूजवळच्या खेड्यात राहतात, शेती करतात. त्यांच्या नावानं पोस्टानं एक पाकीट आलं, आत स्क्रॅच कार्ड, खरवडलं तर चारचाकी लागलेली! फोन केला तर तिकडून म्हणले गाडी नको असंल तर साडेआठ लाख रोख घ्या. आधी फाईल चार्ज ६,५००, मग जीएसटी, मग एनओसी, असे तीनदा मिळून ४१,००० गेले. आता टीडीएसचे २५,५०० मागायलेत आणि दाजी सोयाबीन मोंढ्यावर न्यायला निघालेत. मी आडवा गेलो तर म्हणले तुला माझं बरं झालेलं बघवंना. काय करू?
— एक वाचक, जि. परभणी

उत्तर: भाऊ, तुमचं पत्र वाचल्या वाचल्या मी फोन केलाच, छापून येईपर्यंत कुठं थांबता. पण असली पाकिटं इतर घरांतही येत असतील म्हणून इथंही लिहिते.

दाजींना लालची म्हणू नका. आपल्याकडं बोअर घेताना काय होतं? दोनशे फूट कोरडं गेलं की गाडीवाला म्हणतो अजून पन्नास घ्या, लागंलच पाणी, आणि आधीचा खर्च वाया जाऊ नये म्हणून आपण हो म्हणतो. हे भामटे तेच करतात, पहिली रक्कम मुद्दाम लहान ठेवतात, नंतर माणूस बक्षिसापायी कमी आणि गेलेले पैसे सुटावेत म्हणून जास्त भरत राहतो.

आता टीडीएसचं. त्यात डी म्हणजे कपात हो! दहा हजारांवरच्या रोख बक्षिसावर ३० टक्के कर देणाराच कापून घेतो आणि उरलेले देतो. साडेआठ लाखाचे होतात २,५५,०००, म्हणजे दाजींच्या हातात ५,९५,००० यायला पाहिजेत, खिशातून एक रुपया न जाता. यांनी तर एक शून्यच खाल्लं, २५,५०० म्हणले. गाडीसारखी वस्तू लागली तर कर आधी भरावा लागतो हे खरंय, पण तो सरकारकडं पॅन नंबरवर चलनानं जातो, कुणाच्या फोनपेवर नाही. दाजींसमोर स्पीकर लावून फोन करा आणि म्हणा, कर त्यातूनच कापा, बाकीचे पाठवा. काहीतरी फाटे फोडतील, ते दाजींनाच ऐकू द्या, तुम्ही मधे बोलू नका.

पैशाचं म्हणाल तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा नाहीतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाका, आणि बँकेतही कळवा. प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँक त्या व्यवहाराला देते तो ओळख क्रमांक), तारीख, समोरचं खातं जवळ असू द्या. पैसे त्या खात्यात अजून पडून असतील तर ते अडवता येतात, पण हे लोक पटापट पुढच्या खात्यांवर फिरवतात, म्हणून सगळे येतील अशी आशा मी लावत नाही, शेवटची रक्कम परवाच गेलीय तिच्यापासून सुरुवात करा.

दाजींनी त्यांना आधार आणि पासबुकाचा फोटो पाठवलाय असं फोनवर म्हणालात, तर आधारचं बायोमेट्रिक (बोटांचे ठसे वगैरे) लॉक करून टाका. आणि थोड्या दिवसांनी कुणी सायबर ऑफिसातून बोलतोय, फी भरा, ४१,००० परत मिळवून देतो म्हणाला तर तो बहुतेक यांच्यातलाच, नंबर यांच्याकडंच तर आहे.

बहिणीला सांगा, रागानं ते पाकीट चुलीत घालू नको, पोस्टाचा शिक्का असलेली बाजू पोलीस मागतील.