पियानोखाली रडलेली मुलगी

काय गं,

काल तालमीतून इतकी तडक निघालीस की एक चप्पल तुझी आणि एक माझी घालून गेलीस, ती आधी परत आण. आणि मग रात्री पावणेबाराला तो मेसेज, की ताई मला नाही जमणार, बाकीच्या सगळ्या लहानपणापासून क्लासला गेल्यात आणि मी एकटीच अशी. फोन केला असता तर तू परत रडायला लागली असतीस म्हणून लिहितेय, लांबेल जरा, चहा घेऊन बस.

तुला सिंगिंग इन द रेन, तो हॉलिवूडचा जुना नाच-गाण्यांचा सिनेमा, बघायला सांगितला होता तर तू म्हणालीस, हो ताई, ते पावसातलं गाणं बघितलं यूट्यूबवर. ते सगळेच बघतात गं. छान आहेच ते, त्यातला हिरो जीन केली अंगात १०३ ताप असताना त्या पाण्यात नाचलाय, पण तुझ्या कामाचं गाणं ते नाहीच. तू त्यातलंच गुड मॉर्निंग बघ. म्हणजे गोष्ट अशी की साल १९२७, बोलपट नुकते आलेत, यांचा पहिला बोलता सिनेमा थेटरात लोकांनी हसून हसून पाडलाय, आणि रात्री दीडला हिरो, त्याचा मित्र आणि ही नवखी पोरगी स्वयंपाकघरात बसलेत, आणि तिथे त्यांच्या डोक्यात येतं की अरे याचा म्युझिकलच करून टाकू की! झालं, मग उठून घरभर नाचत सुटतात, जिन्यावर चढतात, रेनकोट घेऊन काय काय सोंगं करतात, आणि शेवटी सोफा उलटवून हसत पडतात. तीन-चार मिनिटांत तुझा मूडच बदलतो, वरण-भात खाऊन झोपलेला माणूससुद्धा उठून बसेल.

आता मधली मुलगी बघ. डेबी रेनॉल्ड्स, तेव्हा १९ वर्षांची. एका बाजूला केली, दुसऱ्या बाजूला डोनाल्ड ओकॉनर, जो अक्षरशः लहानपणापासून स्टेजवर वाढलेला. आणि ही? हिला नाच येतच नव्हता. जिम्नॅस्टिक्स करायची, १६ व्या वर्षी बर्बँक गावातली सौंदर्यस्पर्धा जिंकली आणि तिथून सिनेमावाल्यांच्या नजरेत आली, बस एवढंच. सुमारे तीन महिन्यांत तिला टॅप, म्हणजे बुटांनी ठेका वाजवत करायचा नाच, शिकवून या दोघांच्या मधे उभी केली. तू म्हणतेस ना बाकीच्या क्लासला गेल्यात, मग हे बघ!

हे गाणं सकाळी सुरू झालं ते रात्री अकराच्या सुमारास संपलं आणि तेव्हा तिच्या पायातून रक्त येत होतं. हा सिनेमा आणि बाळंतपण या आयुष्यातल्या सगळ्यात अवघड दोन गोष्टी असं तिनेच पुढे सांगितलंय. (स्टार वॉर्समधली प्रिन्सेस लेया माहितीये ना तुला? ती कॅरी फिशर, म्हणजे हिचीच मुलगी.) पण पडद्यावर शोध बरं ते रक्त कुठे दिसतं का. मी कितीदा बघितलंय, मला एवढंच दिसतं की तिचं पाऊल त्या दोघांपेक्षा जरा जास्त जोर लावून पडतं आणि चेहरा मात्र असा की आत्ताच कुणीतरी हिला सुट्टी दिलीये. मला तर वाटतं त्या जोरामुळेच ती गोड दिसते, ते दोघं मुरलेले आहेत आणि ही खरंच धडपडतेय, आणि गोष्टीतली मुलगीसुद्धा धडपडणारीच आहे ना.

गंमत अजून एक सांगते मग मुद्द्यावर येते. सिनेमात ही पोरगी मोठ्या नटीला चोरून आवाज देते, नटीचा आवाज चिरका म्हणून. आणि प्रत्यक्षात त्यातल्या वुड यू गाण्यात हिच्याच तोंडी आवाज आहे तो बेटी नॉयेस नावाच्या गायिकेचा, जिचं नाव श्रेयनामावलीत नाहीच. आपल्याला प्लेबॅकची सवय म्हणून काही वाटत नाही, तिकडे ते झाकून ठेवायची गोष्ट. तसं बोलपट आल्यावर आपल्याकडेही तारांबळ झालीच, सुलोचना म्हणजे रुबी मायर्स, मूकपटातली एवढी मोठी स्टार, पण तिलाही थांबून हिंदुस्थानी शिकून यावं लागलं.

तर मुद्दा. केली तिच्यावर फार कडक होता, नाचता येत नाही म्हणून टोचून बोलायचा, आणि एक दिवस ती तालमीच्या खोलीत पियानोखाली बसून रडत होती. तिथे आला फ्रेड अस्टेअर, हॉलिवूडचा नाचातला बाप माणूस. त्याने तिला बाबापुता केलं नाही, ये म्हणाला आणि स्वतःची तालीम बघायला बसवलं. आणि तिने काय बघितलं तर ज्याला लोक हवेत तरंगणारा म्हणायचे तो माणूस घामाघूम होऊन, लाल होऊन, चिडून तेच तेच परत करतोय. नंतर केलीनेही कबूल केलं की मी तिच्याशी चांगला वागलो नाही. लोक हा किस्सा सांगून म्हणतात बघा, ओरडा खाल्ला म्हणून घडली. मला हे अजिबात पटत नाही. ती ओरड्याने पियानोखाली गेली होती, बाहेर आली ती अस्टेअरचा घाम बघून.

आणि काल मी तुला सगळ्यांसमोर जे बोलले ना, "पाय आहेत का लाकडं", ते चुकलं माझं. सॉरी. पायाबद्दल बोलायचं ते तुझ्याशी बाजूला घेऊन बोलायला हवं होतं.

रविवारी सकाळी सातला ये. तुमची तालीम दहाला आहे, त्याआधी मी एकटी माझ्या लावणीचा शेवट बसवतेय, गेले पंधरा दिवस ती गिरकी घेऊन बसताना माझा डावा गुडघा दगा देतोय आणि दर वेळी मी तोंडाने जे काही बोलते ते तू ऐकलेलं नाहीस अजून. कोपऱ्यात बस, काही बोलू नकोस, फक्त बघ. येताना चप्पल आण.

ताई