ईईजी ‘स्लो’ आला, म्हणजे अल्झायमरच का?

देवगडकडच्या एका आंबा बागायतदाराची सून फाईल घेऊन आली आणि बसायच्या आधीच म्हणाली, “मॅडम, बाबांचा ईईजी स्लो आलाय. अल्झायमरच ना?” (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

पेट्यांचा हिशेब तोंडपाठ असणारे तिचे सासरे वर्षभर एकाच व्यापाऱ्याला पुन्हापुन्हा फोन लावून तेच विचारत होते. ईईजी म्हणजे मेंदूच्या लहरींची तपासणी, आणि तीवरून अल्झायमर लवकर कळतो, असं मुंबईतल्या मुलाच्या वाचनात आलं. त्याने परस्पर कोल्हापुरात ईईजीची वेळ घेतली. जाताना बाबांचा एकच प्रश्न होता, “डोक्याक शॉक देतत काय?”

त्यांना हे कुणी आधी नीट सांगितलंच नव्हतं. ईईजीत शॉक नसतो. डोक्याला जेल लावून चकत्या चिकटवतात आणि मेंदूत आपसूक चालणारी सूक्ष्म विद्युत हालचाल टिपतात. दुखत नाही. माणसाच्या मेंदूचा असा आलेख हान्स बर्गर यांनी जर्मनीत 1924 साली पहिल्यांदा घेतला.

मुलाने वाचलं ते खोटं नव्हतं. जागेपणी, डोळे मिटून शांत बसलं की डोक्याच्या मागच्या भागात सेकंदाला 8 ते 13 वेळा उठणाऱ्या अल्फा लहरी दिसतात. अल्झायमरमध्ये त्या मंदावतात, थीटा आणि डेल्टा या संथ लहरी वाढतात, मेंदूच्या भागांमधला ताळमेळही सैल होतो. संगणकाच्या मदतीने हे बदल लवकर हेरायचं संशोधन चालू आहे. पेट (PET) स्कॅन या मेंदूचं चित्र घेणाऱ्या तपासणीपेक्षा ईईजी खूप स्वस्त, म्हणून आपल्यासारख्या भागासाठी मला त्याची मोठी आशा वाटते. पण आज एकट्या ईईजीवर अल्झायमरचं निदान होत नाही. डुलकी लागली तरी लहरी संथ होतात. बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा बिघाड, काही औषधं यांनीही होतात. उलट, सुरुवातीच्या अल्झायमरमध्ये आलेख अगदी नॉर्मलही येऊ शकतो.

मी विचारलं, “त्या दिवशी बाबा कसे होते?” पहाटे उठवून फोंडा घाटाने नेलेले, आदल्या रात्री झोपेची गोळी दिलेली, तपासणीत चक्क घोरत होते. तंत्रज्ञाने रिपोर्टात तशी नोंदही केली होती, पण घरच्यांनी वाचला तो शेवटचा ‘स्लो’ एवढाच शब्द.

मी तिला एक वही करायला सांगितली: काय विसरलं, केव्हा, आधी ते जमत होतं का, ऐकू नीट येतं का, मन उदास आहे का. ती वही घेऊन ते मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेले. स्मृतीच्या चाचण्या, रक्ततपासणी, एमआरआय झालं. बी-12 खूप कमी निघालं. इंजेक्शनं सुरू झाली, झोपेची गोळी बंद झाली. बाबांची मरगळ गेली, ते पुन्हा बागेत जाऊ लागले.

विसरणं मात्र पूर्ण गेलं नाही. काही महिन्यांनी फेरतपासणीत डॉक्टरांनी अल्झायमरची सुरुवात असावी, असं सांगितलं. सून रडली. मी तिला म्हटलं, बाबांपासून लपवू नका, त्यांना अजून सगळं समजतंय. मुलगा आला. सातबारा, बँकेतलं वारस नाव, बाग कोण बघणार, हे बाबांनीच बसून ठरवलं.

मुलाने निघताना विचारलं, “ईईजी परत करू?” डॉक्टरांचं उत्तर त्याच्याजवळ होतंच: बाबा मधेच टक लावून थिजले, झटका (फिट) आला किंवा एकाएकी खूप गोंधळले, तर लगेच करायचा.