‘वय व्हायलंय आपलं’: मराठवाड्यातल्या ‘करायलो’विषयी

ठाण्याच्या एका वाचक ताईंचा प्रश्न आहे. त्यांचे वडील मूळचे परभणी जिल्ह्यातल्या सेलूकडचे. हिवाळ्यात हुरड्याच्या निमित्तानं ते गावी जातात आणि शाळेतले जुने मित्र आगटीभोवती बसून रात्री उशिरापर्यंत बोलत राहतात. यंदा ताईंनी त्या गप्पा मोबाईलवर रेकॉर्ड केल्या आणि आता त्या वहीत उतरवून घेत आहेत. एरवी घरात ‘करतोय, जातोय’ म्हणणारे बाबा मित्रांत बसले की ‘करायलो, जायलो’ म्हणतात. ताई विचारतात: ‘जेवायला, करायला’ यातल्या ‘ला’चंच हे बिघडलेलं रूप आहे का? की निजामाच्या काळातल्या उर्दूचा परिणाम? आणि वहीत उतरवताना ही रूपं प्रमाण मराठीत बदलून घ्यावीत का? सोबत त्यांनी एक तुकडा पाठवलाय:

“लई हिव वाजायलंय बा औंदा. पहाटंच गुडघे बोलायलेत.”
“गुडघे काय करतील? वय व्हायलंय आपलं. म्हातारे व्हायलोत.”
“ते राहू दे. पिक्चर पाहिला का कोणता?”
“पिक्चर लई लागायलेत, पण पाहायलंय कोण? नातू मोबाईलवर लावून देतो, अन् अर्ध्यातच झोप यायली मला.”
“अन् तिकडं मुंबईत काय चालू हाये? कोण कोणाकडं जायलंय, काहीच समजना गेलंय.”

थंडी, म्हातारपण, सिनेमा आणि राजकारण, सगळं पाच ओळींत आलं. आणि या रूपाच्या बहुतेक सगळ्या छटाही त्यातच आल्या आहेत, म्हणून मी हाच तुकडा धरून उत्तर देतो.

आधी उगमाचं. ‘करायलो’ हे ‘लागणे’ या क्रियापदापासून आलेलं रूप आहे. ‘करू लागलो’ किंवा ‘करायला लागलो’ असं पूर्ण बोलता बोलता ‘लागलो’मधला ‘ग’ गळाला आणि उरलेलं अंग मूळ धातूला चिकटलं. मधल्या पायऱ्या आजही कानावर पडतात. परभणी, बीड, जालन्याकडं ‘काय करायलास?’ म्हणतात. नांदेडकडं ‘काय करायलालास?’ ऐकू येतं. लातूर, उदगीर, निलंग्याच्या बाजूला गेलात तर ‘काय करूलालास?’, ‘मी येऊलालो’. या शेवटच्या रूपात ‘करू’ आणि ‘लागलास’ हे दोन्ही तुकडे अजून उघड दिसतात. मराठवाड्यात फिरणाऱ्या माणसाला एसटीच्या एका दिवसाच्या प्रवासात या रूपाच्या झिजण्याच्या सगळ्या अवस्था ऐकायला मिळतात.

आता ताईंची शंका, की हा ‘जेवायला जातो’मधला ‘ला’ आहे का. शंका रास्त आहे, कारण ऐकताना गोंधळ होतोच. परभणीचा माणूस फोनवर “काय करायला?” विचारतो तेव्हा त्याला ‘सध्या काय करतो आहेस’ एवढंच विचारायचं असतं. पुण्याच्या कानाला ते ‘कशासाठी?’ असं ऐकू येतं. पण दोन्हींची वागणूक तपासली की फरक लगेच कळतो. ‘तो जेवायला गेला, ती जेवायला गेली, ते जेवायला गेले’ यात ‘जेवायला’ हलत नाही. उलट ‘तो जेवायलाय, ती जेवायलीय, पोरगं जेवायलंय, पाव्हणे जेवायलेत’ यात ‘ल’ दर वेळी कर्त्याप्रमाणे लिंग आणि वचन बदलतो. विभक्तीचा प्रत्यय असा बदलत नाही, असं बदलणं हे क्रियापदाचं काम. म्हणजे तिथं एक अख्खं क्रियापद दडलेलं आहे.

ते क्रियापद ‘लागणे’च आहे याचा मला सगळ्यांत भक्कम वाटणारा पुरावा सिनेमाच्या वाक्यात आहे. मित्र विचारतो, “पिक्चर पाहिला का?” इथं ‘पाहिला’ हे ‘पिक्चर’च्या लिंगवचनाप्रमाणे आलं. चित्रफीत म्हटलं असतं तर ‘पाहिली’. मराठीत सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात असंच होतं: त्यानं भाकरी खाल्ली, तिनं आंबा खाल्ला. पण तेच मराठवाड्यात चालू काळात म्हणताना ‘तो भाकरी खायलाय’, ‘ती आंबा खायलीय’. ‘ल’ असूनही क्रियापद भाकरीमागं न जाता कर्त्यामागं जातं, आणि कर्त्याला ‘नं’ लागत नाही. का? कारण तो ‘ल’ खाण्याचा नाही, लागण्याचा आहे. ‘तो भाकरी खाऊ लागला’, ‘ती आंबा खाऊ लागली’ यात ‘लागणे’ अकर्मक आहे, म्हणून ते कर्त्याशी जुळतं. शब्द झिजला, पण त्याचं व्याकरण जसंच्या तसं शिल्लक राहिलं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. न शिकलेली माणसंही हा नियम कधी चुकत नाहीत, आणि तरी त्यांच्या बोलीला व्याकरण नाही असं सर्रास म्हटलं जातं.

उर्दूचा मुद्दा. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हैदराबादच्या निजामाच्या अमलाखाली होता, कचेरीची भाषा उर्दू होती, त्यामुळं इथलं काहीही वेगळं दिसलं की ते निजामाच्या खात्यावर टाकायची सवय पडली आहे. शब्दांच्या बाबतीत त्यात तथ्य आहेच. पण या रूपाच्या बाबतीत नाही. हिंदी-उर्दूत चालू क्रिया ‘रहना’नं दाखवतात: ‘कर रहा हूँ’. हैदराबादच्या दखनी उर्दूतही तोच ‘रहना’ आखडून येतो. तिथून उचललं असतं तर आपल्याकडं ‘राहणे’ आलं असतं, जसं विदर्भात आहे: ‘काय करून राहिला?’ मराठवाड्यानं ‘लागणे’ निवडलं.

‘लागणे’शी खरं साम्य दिसतं ते दक्षिणेकडं. उत्तर कर्नाटकातल्या बोलीत ‘मी करतोय’ला ‘माडाकत्तीनी’ म्हणतात. त्यात ‘माडु’ म्हणजे करणे आणि ‘हत्तु’ हे दुसरं क्रियापद आहे. ‘हत्तु’चे अर्थ पाहा: चिकटणे, चढणे, पेट घेणे, सुरू होणे. आग लागली हे कन्नडमध्ये ‘बेंकि हत्तितु’. म्हणजे मराठीतलं ‘लागणे’ जी कामं करतं त्यातली बरीच तिकडं ‘हत्तु’ करतं, आणि दोन्हीकडं त्याच क्रियापदापासून चालू काळ घडला. उदगीर, निलंग्यापासून कर्नाटकातली भालकी आणि बसवकल्याण हाकेच्या अंतरावर आहेत. 1956 ची राज्य पुनर्रचना होईपर्यंत बीदर आणि उस्मानाबाद (आताचं धाराशिव) हे एकाच हैदराबाद राज्याचे जिल्हे होते. त्या टापूतली कितीतरी माणसं दोन्ही भाषा सारख्याच सहजतेनं बोलतात. मराठवाडी बोलीचा विचार करताना आपण कायम हैदराबादकडं पाहतो, थोडं बीदर-कलबुर्गीकडंही पाहायला हवं.

आता ताईंच्या तुकड्यातल्या छटा.

‘हिव वाजायलंय.’ (हा ‘हिव’ फार जुना, संस्कृत ‘हिम’चा. हिवाळ्यात आणि हिवतापात तो सगळ्या महाराष्ट्रानं जपला, पण नुसता ‘हिव’ खेड्यांतच उरला. आणि ‘औंदा’ म्हणजे यंदा.) प्रमाण मराठीत ‘थंडी वाजते’ आणि ‘थंडी वाजतेय’ यांत एका ‘य’चा फरक, तोही भरभर बोलताना बुडतो. मराठवाड्यात ‘मला पहाटं थंडी वाजती’ ही नेहमीची गोष्ट आणि ‘मला थंडी वाजायली’ ही आत्ताची. दोन अर्थांना दोन वेगळी रूपं, गल्लत व्हायला जागाच नाही.

‘वय व्हायलंय’ मात्र नीट ऐकण्यासारखं आहे. होणे, पिकणे, वाढणे, थकणे अशा हळूहळू घडणाऱ्या गोष्टींना हे रूप लागतं तेव्हा ‘लागणे’चा मूळ अर्थ, म्हणजे सुरुवात झाली, तोही थोडा जागा होतो. ‘केस पिकले’ म्हटलं की काम संपलं. ‘केस पिकायलेत’ म्हटलं की सुरू झालंय, डोळ्यांसमोर चाललंय, अजून बाकी आहे. प्रमाण मराठीत ‘वय होत चाललंय’ म्हणतात, पण त्यात एक अंतर आहे, लांबून पाहिल्यासारखं. ‘वय व्हायलंय’मध्ये ते अंतर नाही. जोडीनं आलेलं ‘म्हातारे व्हायलोत’ही पाहा. ‘आम्ही आलोत, गेलोत, बसलोत’ असा हा ‘त’ म्हणजे ‘आहोत’चा अवशेष. प्रमाण भाषेत ‘आलो’ म्हटलं तर एकटा आला की सगळे आले ते कळत नाही, मराठवाड्यात आणि विदर्भात कळतं. म्हातारपणाची गोष्ट करताना हा माणूस एकट्याचं बोलत नाही, सगळ्या मित्रांना धरून बोलतो, आणि ते एवढ्याशा ‘त’नं सांगितलं आहे.

‘पिक्चर लई लागायलेत.’ इथं गंमत अशी की मूळ धातूच ‘लागणे’ आहे, म्हणजे ‘लागायलेत’मध्ये ‘लागणे’ दोनदा आलं. बोलणाऱ्याला ते खटकत नाही, कारण ‘-आयले’ हा भाग आता त्याच्या मनात स्वतंत्र प्रत्यय झाला आहे. त्याच ओळीत पुढं ‘झोप यायली मला’ आहे. बोलणारा त्या क्षणी जागाच आहे, मित्रांशी बोलतोय. तेव्हा याचा अर्थ ‘आत्ता झोप येतेय’ असा नाही, ‘हल्ली येऊ लागलीय’ असा आहे. आणि ‘उद्या लेकीकडं जायलो’ म्हटलं तर ठरलेलं, जवळचं भविष्य. एका रूपाची इतकी कामं संदर्भावरून उलगडतात. म्हणून उतरवताना प्रत्येक वाक्याच्या मागचं-पुढचं वाक्यही ठेवा, सुटं वाक्य टिपू नका.

राजकारणाच्या वाक्यात ‘जायलंय’ हे नपुंसकलिंगी आलं आहे, कारण ‘कोण’ म्हणजे नेमका कुठला माणूस ते ठरलेलं नाही. त्याच्या शेजारचं ‘समजना गेलंय’ मला या सगळ्या तुकड्यात सर्वांत देखणं वाटलं. नकाराला मराठवाड्यात ‘समजायलं नाही’ असं सहसा म्हणत नाहीत. तिथं ‘लागणे’ मागं हटतं आणि ‘जाणे’ पुढं येतं: पोरगं ऐकंना गेलंय, पाऊस पडंना गेलाय, झोप येईना गेली. नुसत्या ‘समजत नाही’पेक्षा यात जास्त काही आहे. प्रयत्न करून पाहिला, अजूनही करतोय, पण गोष्ट हाती येत नाही, असा तो नकार आहे. पक्षांतराच्या बातम्या वाचून थकलेल्या माणसाला याहून नेमकं रूप कुठं सापडेल?

राहिला लिहिण्याचा प्रश्न. माझं म्हणणं स्पष्ट आहे: बदलू नका. ‘वय होऊ लागले आहे आपले’ असं लिहिलंत तर अर्थ सुरुवातीपुरताच उरेल आणि बोलणारा माणूस वाक्यातून निघून जाईल. ‘वय होतंय’ लिहिलंत तर अर्थ बराचसा टिकेल, पण तो सेलूचा राहणार नाही. या भागातल्या मुलांच्या निबंधातल्या ‘करायलो’वर शाळेत वर्षानुवर्षं लाल रेघ ओढली गेली. औपचारिक निबंधाची शिस्त म्हणून प्रमाण रूप शिकवावं, यात वाद नाही. पण ‘हे असं मराठीत नसतं’ असं जे सोबत सांगितलं गेलं, ते खोटं होतं. त्या रेघेमुळंच तुमच्या वडिलांसारखी कितीतरी माणसं घरात एक आणि मित्रांत एक अशी दोन मराठी बोलत आली. मित्रांतली मराठी वहीत यावी असं तुम्हाला वाटलं, याचा मला मनापासून आनंद आहे.

लेखनाच्या सोयीच्या काही गोष्टी सांगतो. रूप एकाच शब्दात लिहा, ‘करायलो’, ‘जायलंय’. ‘कराय लो’ असं तोडू नका. शेवटचा ‘य’ जिथं ऐकू येतो तिथंच लिहा, कारण ‘तो जेवायलाय’ आणि ‘तो जेवायला’ दोन्ही बोललं जातं. बायका स्वतःबद्दल ‘मी करायले’ म्हणतात, काही घरांत ‘करायली’. जे ऐकलं तेच ठेवा. भूतकाळातलं ‘करायलो होतो’ बोलताना ‘करायलतो’ होतं, ‘काय बोलायलता रं तो?’ असं काही रेकॉर्डिंगमध्ये सापडलं तर ते ‘बोलायला होता’ आहे हे ध्यानात घ्या. आणि ‘येणे’चं ‘यायली’ की ‘येयली’, हा फरक गावागावांत आणि कधी एकाच माणसाच्या तोंडी दोन वाक्यांत पडतो. तिथं एकसारखेपणाच्या मागं लागू नका. पुन्हा ऐका आणि वडिलांना जवळ बसवून विचारा.